पुण्याला समुद्र नाही

माझे सासरे दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावरच्या तोफखान्यात होते, आणि त्यांना समुद्राची भीती वाटायची. पोहता न येणाऱ्या माणसाला वाटते तशी ती भीती नव्हती. कॅलेंडरात समुद्राचं चित्र असलेला महिना आला की नाना ते पान आधीच उलटून टाकत, आणि मग आमच्या घरात अख्खा मे महिना जून असे. घरातलं कुणी अलिबागला सहलीला निघालं तर ते परत येईपर्यंत नाना नीट जेवत नसत. लग्न होऊन मी त्या घरी आले तेव्हा एकदा सहज विचारलं होतं, साताऱ्याकडचं गाव सोडून पुण्यात का राहिलात. म्हणाले, "पुण्याला समुद्र नाही."

"गावालाही नव्हताच की, नाना."

"गावात कृष्णा आहे. ती जाते समुद्राला."

"मुठाही जातेच."

"जाते. पण तिला पाणी कुठं असतं?" एवढं बोलून त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. सैन्यातून सुटल्यावर नानांनी जवळच्या एका छापखान्यात हजेरी घेण्याची नोकरी धरली आणि निवृत्त होईपर्यंत तीच केली. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. घरात नाना, माझे यजमान विलास, शाळेत शिकवणारी मी आणि पुढे आमची मनू. पण इमारतीत त्यांना छापखान्याचे नाना कुणी म्हणत नसे. ते 'तोफवाले नाना' होते. त्याला कारण बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटाशेजारी उभा असलेला तोफेचा गोळा. गुडघ्याच्या वर येईल एवढा उंच. खाली पितळी नळकांडं, वर टोकदार लोखंड, आणि टोकाच्या जरा खाली एक पुसट लाल पट्टा. नाना त्याला 'बारा पौंडी' म्हणत. त्यांच्या तोफेचंही तेच नाव होतं. खालच्या मजल्यावर अशी बातमी होती की नानांनी मुंबई बंदरात शिरणारी जपानी पाणबुडी बुडवली आणि सरकारनं खूश होऊन त्यांना एक गोळा भेट दिला. नाना याला हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. कुणी फारच खोदून विचारलं तर सांगत, "आमचं काम बघण्याचं होतं. बुडवण्याचं नव्हतं."

जिन्यावर पाऊल वाजलं की आतून त्यांचा आवाज येई, "कोण?" उत्तर आलं नाही तर पुन्हा, "कोण? उत्तर द्या." पोस्टमन, दूधवाला, इस्त्रीवाला, सगळ्यांना सवय झाली होती. पहिल्या पायरीपासूनच ते आपलं नाव पुकारत वर येत. एखादा नवखा मुकाट्यानं चढत आला तर मात्र नाना तिसऱ्यांदा विचारत नसत. खुर्चीचे हात धरून दाराकडे बघत बसत, आणि त्या वेळी त्यांचा चेहरा असा होई की मलाच धस्स व्हायचं. एकदा घसा बसला म्हणून विलास न बोलता वर आले. दार उघडलं तेव्हा नानांच्या सदऱ्याची पाठ भिजलेली होती. विलास हसायला लागले, तसे नाना म्हणाले, "बोलता येत नसेल तर भिंत वाजव, कठडा वाजव, काहीही कर. पण गप्प राहून कुणाकडे जाऊ नकोस."

भीतीची दुसरी वेळ पावसाची. समोरची इमारत दिसेनाशी होईल असा पाऊस दुपारी लागला की नाना खिडकीशी जाऊन उभे राहत. उजवा हात मूठ वळून छातीशी धरलेला. मी चहा घेऊन गेले तर घेत नसत. "तुला दिसतंय का काही समोर?" असं विचारत. मी नाही म्हटलं की म्हणत, "मग बोलू नकोस. बघत राहा." नवी नवरी असताना मी खरंच त्यांच्याशेजारी उभी राहून बघत असे. काय बघायचं ते मला माहीत नव्हतं, पण थोड्या वेळानं माझ्याही छातीत धडधडायला लागे.

गोळ्याला ते कुणाला हात लावू देत नसत. महिन्यातून एकदा ब्रासो लावून पितळ स्वतः घासत. एकदा फरशी पुसताना मी तो जरासा सरकवायला गेले, तर आतून नाना आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "त्याला हलवायचं नाही." ओरडले असते तर मला एवढं लागलं नसतं. दसऱ्याला मात्र ते स्वतः, दोन्ही हातांनी, तान्हं मूल उचलावं तसा तो उचलून पाटावर ठेवत. झेंडूची माळ, हळदकुंकू, पुढे निरांजन आणि उदबत्ती. मग डोळे मिटून बराच वेळ बसत. त्यांचे ओठ हलत असत. मला वाटे, एखादं स्तोत्र म्हणत असतील.

मनू पाच वर्षांची झाली त्या वर्षी, श्रावणात, नाना मोरीत घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ते बाहेरच्या खोलीत खुर्चीवरच असत. त्या दसऱ्याला गोळा पाटावर विलासनी ठेवला. ठेवेपर्यंत नानांनी श्वास रोखून धरला होता.

दुपारी माझे मामा सोनं द्यायला आले. मामा दारूगोळ्याचे तपासनीस होते. सगळी नोकरी परमुलखात झालेली, आणि निवृत्तीनंतर त्या उन्हाळ्यातच खडकीला येऊन राहिलेले. लग्नात कार्यालयात भेटले होते तेवढेच. घरी येण्याची त्यांची ही पहिली वेळ. मी आधीच बजावलं होतं, म्हणून आपलं नाव सांगत जिना चढले. नाना म्हणाले, "या पाहुणे." मामा आपट्याची पानं हातात घेऊन नमस्काराला वाकले, आणि तसेच अर्ध्यात थांबले. ते पाटाकडे बघत होते.

मग पाणी मागावं तशा आवाजात मला म्हणाले, "सुमे, ते निरांजन उचल. फुंकू नकोस. आत नेऊन विझव. मग उदबत्ती ने."

मी निरांजन उचललं. कशासाठी ते कळलं नव्हतं, पण मामांचा चेहरा पांढरा पडलेला दिसत होता. परत आले तेव्हा ते नानांना विचारत होते, "रिकामा केलाय का हा?"

नानांनी खुर्चीचे हात धरले.

"नाना, हा लाल पट्टा भरलेल्या गोळ्यावर असतो. माझा जन्म यातच गेलाय. रिकामा आहे का?"

तो पट्टा आम्हांला इतकी वर्षं जुन्या कुंकवाचा वाटत होता. नाना म्हणाले, "तोफेत असताना त्याच्यावर घाव बसलाय. उडाला नाही. लढाईतली गोष्ट आहे."

विलास म्हणाले की मग तर चिंताच नको, पन्नास वर्षांत काही झालं नाही. मामांनी त्यांच्याकडे न बघता उत्तर दिलं, "एकदा उडाला नाही म्हणजे पुन्हा उडणार नाही, असं कुठं लिहिलंय, जावईबापू?"

मनू पाटापाशीच बसून उरलेल्या झेंडूच्या पाकळ्या वेगळ्या करत होती. मामांनी तिला हाक मारली नाही. हळूच जाऊन तिला मागून उचललं आणि विलासच्या हातात दिलं. मग एकेक गोष्ट सांगितली. मनूला घेऊन खाली जायचं. इमारतीतल्या सगळ्यांना बाहेर काढायचं, पण जिन्यावर कुणी धावायचं नाही, जिना लाकडी आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातून पोलिसांना फोन करायचा आणि सैन्याची माणसं लागतील असं स्पष्ट सांगायचं. विलास गेले. खाली दारं वाजायला लागली, कुणीतरी मोठ्यानं काय झालं म्हणून विचारलं, आणि मग हळूहळू सगळे आवाज रस्त्यावर गेले. सणाच्या दिवशी आमची इमारत इतकी गप्प मी कधी ऐकली नव्हती.

नानांना हलवायचं तर खुर्चीसकट चौघांनी उचलावं लागणार होतं, आणि वाट पाटाला घासून होती. मामा म्हणाले, नको. सैन्याची माणसं येईपर्यंत नाना इथेच बसतील आणि मामा स्वतः त्यांच्यापाशी थांबतील. मला जायला सांगितलं. नानाही म्हणाले, "जा सूनबाई." पण त्यांनी माझं मनगट धरलं होतं, आणि ते सोडत नव्हते. मी हात ओढून घेतला असता तर सुटला असता. नाही ओढला. मी जमिनीवर त्यांच्या खुर्चीला टेकून बसले. पाट आमच्यापासून तीन-चार हातांवर होता. खालून चौकातल्या वाजंत्रीचा आवाज येत होता, आणि प्रत्येक ठोक्याला मला वाटत होतं की फरशी हलतेय.

मामा दाराशी बसले. नानांना बोलतं ठेवावं असं त्यांना वाटलं असावं. म्हणाले की नोकरीत असताना किनाऱ्यावरच्या जुन्या ठाण्यांची कोठारं तपासायला त्यांना पाठवलं होतं, आणि बंदराच्या तोंडाशी असलेल्या एका खडकाळ बेटावरही ते गेले होते. नानांनी मान वर केली. नाना युद्धात त्याच बेटावर होते. मग नाना जे बोलले ते त्यांनी त्याआधी कुणाला सांगितलं नव्हतं, सासूबाईंनाही नाही.

बेटावर मोठ्या तोफा होत्या, त्या जहाजांसाठी. नानांची लहान तोफ वेगानं घुसणाऱ्या लहान बोटींसाठी. बंदरात येणाऱ्या प्रत्येकाला खुणेनं विचारायचं, कोण. त्यानं त्या दिवशीची ठरलेली खूण द्यायची. दोनदा विचारून उत्तर आलं नाही तर तोफ चालवायची. "दोन वर्षं आम्ही रिकाम्या पाण्याकडे बघत होतो," नाना म्हणाले. "रिकाम्या पाण्याची भीती वाटते तेवढी जहाजाची वाटत नाही. जहाज दिसतं तरी." सगळ्यांना तसंच वाटायचं, पण कुणी बोलायचं नाही. एक जण झोपेत उठून समुद्राला शिव्या द्यायचा. त्याला पुढे घरी पाठवला.

अशात एका दुपारी जोराचा पाऊस लागला आणि पावसात काहीतरी काळं पुढे येताना दिसलं. विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नेम धरायचं आणि बार काढायचं काम नानांचं. हुकूम झाला. नानांनी बार काढला आणि नुसता खट्ट असा आवाज झाला. गोळा आत तसाच. अशा वेळी तोफ लगेच उघडायची नसते, नियमाप्रमाणे थांबावं लागतं. ते थांबले असताना पाऊस विरळ झाला. समोर कोळ्यांची होडी होती. शीड फाटलेलं, आत पाच-सहा माणसं, आणि एक बाई तांब्यानं होडीतलं पाणी उपसत होती.

"तिनं वर बघितलं," नाना म्हणाले, "आणि आम्हांला हात केला. तिला वाटलं, आम्ही वाट दाखवायला उभे आहोत."

माझ्या मनगटावरची त्यांची बोटं घट्ट झाली.

तो गोळा खोल पाण्यात टाकून यायला नानांनाच सांगितलं होतं. त्यांनी टाकला असं सांगितलं आणि खडकाच्या कपारीत लपवला. लढाई संपल्यावर वळकटीत बांधून घरी आणला. मामांनी विचारलं, का. नाना पाटाकडे वळले.

"समुद्रात टाकला असता तर तो पुन्हा त्या होडीखाली गेला असता," ते म्हणाले. "मला तसंच वाटायचं. माझ्याजवळ होता तोवर तो कुणाला लागत नव्हता."

मी त्यांच्या पायाशी बसले होते. मला त्यांची कीव आली आणि त्याच क्षणी इतका राग आला की मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांच्याजवळ म्हणजे आमच्या घरात. माझी मुलगी त्याच्याभोवती रांगली होती, चालायला शिकली होती.

थोड्या वेळानं नानांनी विचारलं, "पाहुणे, तोफ आहे का अजून?"

"नाही. विमानं आली, क्षेपणास्त्रं आली. किनाऱ्यावरच्या तोफेला काम उरलं नाही. आधी माणसं काढली, मग वंगण बंद झालं. मी गेलो तेव्हा भंगारवाले आले होते. नळीचे तीन तुकडे केले, गॅसनं."

"कोणत्या बाजूनं कापायला घेतली?"

मामा म्हणाले, "तोंडाकडून."

नानांनी मान हलवली. बेटावर आता काय आहे असं त्यांनी विचारलं तेव्हा मामांनी सांगितलं की गोल चौथरे आहेत, त्यांतले गंजलेले खिळे आहेत, कोठारांच्या भिंतींतून पाणी झिरपतं, बाकी काही नाही. नानांचे डोळे भरले, पण कशानं ते मला सांगता येणार नाही. तोफेबद्दल दुःख होतं, की ती पुन्हा कुणावर चालणार नाही याचं बरं वाटलं, हे त्यांचं त्यांनाही कळलं नसेल.

उन्हं उतरताना सैन्याची माणसं आली. त्यांचा अधिकारी तरुण होता, हिंदीत बोलत होता, आणि त्याचा आवाज फार मऊ होता. त्यांनी वाळूनं भरलेली पेटी आणली. दोघांनी गोळा उचलला, त्याच्या गळ्यातली झेंडूची माळ तशीच होती. अधिकाऱ्यानं ती काढली नाही. काढताना धक्का लागेल म्हणून असेल. पेटी दाराबाहेर गेली तेव्हा नानांची बोटं सुटली. माझ्या मनगटावर चार वळ उठले होते. खाली गेले तर मनू शेजारणीच्या कडेवर झोपली होती, हातात आपट्याची पानं.

दोन दिवसांनी मामांना कळलं की गावाबाहेरच्या मैदानात तो नष्ट केला. पूर्ण जिवंत होता. खड्डा केवढा पडला असं विलासनी विचारलं, ते मामांनी सांगितलं नाही. पोलिसांत नोंद झाली, नानांचं वय बघून पुढे कुणी काही केलं नाही.

त्यानंतर पंधरा दिवस मी नानांशी बोलले नाही. ताट ठेवायची, औषध द्यायची, अंथरूण बदलायची आणि आत जायची. एका सकाळी ताट ठेवलं तेव्हा नाना म्हणाले, "सूनबाई, तुझा हात माझ्याकडून सुटला नाही. तुला जाऊ द्यायला पाहिजे होतं. मनूला आई नसती राहिली." मी तिथेच बसले आणि रडले. नानांनी ताटातला घास उचलून पुन्हा खाली ठेवला.

मला वाटलं होतं, गोळा गेला म्हणजे त्यांना आता शांत झोप लागेल. तसं झालं नाही. फरशीवर गोळ्याच्या बुडाचं गोल वर्तुळ उमटलेलं होतं, ते कितीही घासलं तरी निघत नव्हतं. नाना त्याच्याकडे बघत बसत. "तो संपला ना गं?" असं विचारत. मी हो म्हटलं की, "तू बघितलंस?" शेवटी मी मामांना बोलावलं. मामांनी समोर बसून सांगितलं की मी विचारून खात्री केली आहे, तुकडासुद्धा उरलेला नाही. नाना म्हणाले, "पाहुणे, तुम्ही म्हणताय म्हणजे असेल." फाल्गुनात त्यांना निमोनिया झाला आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. दवाखान्यात शेवटच्या दुपारी त्यांनी मला पडदा ओढायला सांगितला. बाहेर कडक ऊन होतं, पाऊस नव्हताच.

आम्ही कर्वेनगरला राहायला आलो. मनूला मी सांगितलं होतं की आजोबांचा गोळा सैन्याच्या संग्रहालयात ठेवलाय. पाच वर्षांच्या मुलीला दुसरं काय सांगणार? पुढे ती मोठी झाली तरी मी ते तसंच राहू दिलं. सांगायला बसले की मी दुसरंच काहीतरी बोलणं काढायची. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. तिचा मुलगा आता चार वर्षांचा आहे, त्याला तोफांचं वेड लागलंय. म्हणाली, "आई, रविवारी त्या म्युझियमला जाऊ या. त्याला आजोबांचा गोळा दाखवायचाय."

मी तिला म्हटलं, आधी तू एकटी घरी ये.

ती आली. मी स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, होडीपासून मैदानापर्यंत. झाल्यावर मनू म्हणाली, "मी त्याला टेकून बसायचे. दुपारी तू शाळेत शिकवायला गेलीस की. गार लागायचा."

मला हे माहीत नव्हतं.

"आजोबांना माहीत होतं तो जिवंत आहे?"

"त्यांना भीती होती," मी म्हटलं. "माहीत होतं की नव्हतं, ते त्यांनी सांगितलं नाही."

मनू टेबलावर बोटानं रेघ ओढत राहिली. मग म्हणाली, "मी टेकले की ते माझ्या पाठीमागे हात घालायचे. माझ्या आणि गोळ्याच्या मधे. मी उठेपर्यंत काढायचे नाहीत. मला वाटायचं, मला गार लागू नये म्हणून."

आम्ही दोघी तशाच बसून होतो. गॅसची शेगडी बंद केली होती हे मला पक्कं आठवत होतं, तरी मी उठले आणि सिलिंडरचा खटकासुद्धा बंद करून आले.